रहाटगाडगं दहा गिगाबिटचं

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या सर्व्हर रूममध्ये मी ऐन मे महिन्यात स्वेटर घालून बसलो होतो. समोरच्या यंत्रावर फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम, यंत्रात दहा गिगाबिटचं इथरनेट कार्ड, पलीकडच्या रॅकमध्ये तसंच दुसरं यंत्र, मधे तीन मीटरची केबल. वेग मोजला की आकडा यायचा साडेसहा. दहा नाही, नऊ नाही, साडेसहा. आठवडाभर तेच.

"सर, नेटवर मिळालं ते सगळं टाकून पाहिलं," तिथला तरुण प्रशासक म्हणाला. त्यानं सेटिंग्जची फाइल उघडून दाखवली. अडतीस ओळी होत्या. कुठल्या ओळीनं काय होतं हे मी विचारलं, तर तो हसला. घरात कुणाला ताप आला की शेजारीपाजारी सुचवतील तो प्रत्येक काढा पाजावा, तशी ती फाइल झाली होती.

त्या अडतीस ओळींतून मला जे सांगावंसं वाटतं त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

इथरनेटची कल्पना रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ साली झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात एका टिपणात मांडली. डेव्हिड बॉग्ज यांच्यासह त्यांनी उभारलेल्या पहिल्या जाळ्याचा वेग होता सेकंदाला २.९४ मेगाबिट. दहा गिगाबिटचं प्रमाण २००२ साली ठरलं, चाळीस आणि शंभर गिगाबिटचं २०१० साली. वेग हजारो पटींनी वाढला, पण एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त १५०० बाइट माल भरायचा हा नियम ऐंशीच्या दशकातला, तो तसाच राहिला. रस्ता आठपदरी झाला, पण माल अजून हातगाडीवरूनच जातो. म्हणजे गाड्यांची संख्या वाढणार, आणि प्रत्येक गाडीची पावती फाडणारा मात्र एकच: संगणकाचा प्रोसेसर.

हिशेब करून पाहा. १५०० बाइटांच्या पॅकेटला पत्ता, तपासणीची बेरीज, सुरुवातीची खूण आणि दोन पॅकेटांमधली सक्तीची मोकळी जागा जोडली की तारेवर १५३८ बाइट होतात. दहा गिगाबिटच्या तारेवरून अशी सेकंदाला सुमारे ८ लाख १३ हजार पॅकेटं जातात. सगळी पॅकेटं सर्वांत लहान आकाराची असतील तर हाच आकडा १ कोटी ४८ लाख ८० हजारांवर जातो, आणि प्रत्येकाच्या वाट्याला ६७.२ नॅनोसेकंद येतात. तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला तेवढ्यात जेमतेम दोनशे ठोके मिळतात. मुख्य मेमरीतून एक गोष्ट शोधून आणायलाच साधारण एवढा वेळ जातो. पॅकेटचा पत्ता वाचायला एकदा जरी मेमरीपर्यंत जावं लागलं, तरी पुढचं पॅकेट दारात उभं असतं.

हा संसार सांभाळणारा कारभारी म्हणजे ड्रायव्हर: कार्ड आणि कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, यांच्यामधला दुभाषी. फ्रीबीएसडीत त्याचं नाव लपत नाही. लिनक्सवर बरीच वर्षं कुठलंही कार्ड असो, त्याला 'ईटीएच-झीरो' असंच म्हणत. इथे मात्र कार्डाला ड्रायव्हरचंच नाव लागतं. इंटेलचं एक गिगाबिटचं 'ईएम', दहा गिगाबिटचं 'आयएक्स', चाळीसचं 'आयएक्सएल', शंभरचं 'आयसीई'. सातारकर म्हटलं की गाव कळतं, तसं 'आयएक्स-झीरो' म्हटलं की कुठलं माहितीपान वाचायचं ते कळतं. मॅन्युअलच्या चौथ्या विभागात प्रत्येक ड्रायव्हरचं एक पान असतं. लोक ते सोडून बाकी सगळं वाचतात, ही माझी जुनी तक्रार आहे.

ड्रायव्हरच्या पोटात काय चालतं ते सांगायला मराठीत आयता शब्द आहे: रहाटगाडगं. विहिरीवरचा रहाट फिरतो, गाडगी भरून वर येतात, पन्हळीत रिकामी होतात आणि पुन्हा खाली जातात. कार्ड आणि प्रोसेसर यांच्यात मेमरीमध्ये अशीच एक माळ असते. तिला रिंग म्हणतात आणि गाडग्यांना डिस्क्रिप्टर. प्रत्येक गाडग्यावर एवढंच लिहिलेलं असतं की माल मेमरीत अमुक ठिकाणी ठेव. कार्ड प्रोसेसरला न विचारता माल थेट तिथे टाकतं आणि पुढच्या गाडग्याकडे वळतं. प्रोसेसर मागून येऊन गाडगी रिकामी करत जातो. तो मागे पडला तर कार्डाला पुढचं गाडगं भरलेलंच मिळतं. मग पाणी सांडतं, पॅकेट गळतं, आणि कुठेही ठणाणा होत नाही. फक्त एक आकडा एकानं वाढतो.

मग गाडगी वाढवावीत का? 'आयएक्स'मध्ये एका माळेत ४०९६ पर्यंत गाडगी ठेवता येतात. लहान पॅकेटांचा लोंढा आला तर ४०९६ गाडगी २७५ मायक्रोसेकंदांत भरतात. प्रोसेसर तेवढा वेळ दुसऱ्या कामात अडकला असेल तर ती उपयोगी पडतात. पण तो कायमच मागे पडत असेल, तर गाडगी वाढवून पाणी सांडायचं थांबत नाही, फक्त उशिरा सांडतं. शिवाय माळ लांबली की तिच्यातला माल प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत मावेनासा होतो आणि पुन्हा मुख्य मेमरीचा तो लांबचा फेरा पडतो.

गाडगं भरल्याचं प्रोसेसरला कळवायचं कसं, हा पुढचा प्रश्न. त्यासाठी कार्ड हाक मारतं, तिला इंटरप्ट म्हणतात. आमच्या सोसायटीचा वॉचमन पूर्वी प्रत्येक पार्सलला इंटरकॉम करायचा. दिवाळीच्या आठवड्यात हातातलं पीठ धुऊन फोन घेण्यातच माझ्या बायकोची सकाळ जायची. मग ठरलं की तासाभराची पार्सलं जमवायची आणि एकदाच फोन करायचा. 'आयएक्स' ड्रायव्हरही हेच करतो. त्याची मूळ मर्यादा सेकंदाला ३१,२५० हाकांची आहे, म्हणजे दर ३२ मायक्रोसेकंदांना एक. मोठ्या पॅकेटांचा ओघ असेल तर एका हाकेत साधारण २६ पॅकेटं हाताशी येतात. हाका कमी केल्या की प्रोसेसर निवांत होतो, पण एखादं एकटंदुकटं तातडीचं पॅकेट ताटकळतं. फाइली वाटणाऱ्या यंत्राला याचं काही वाटत नाही. मिलिसेकंदाच्या अंशावर पैसे लावणाऱ्यांना मात्र खूप वाटतं. एकच संख्या सगळ्यांना कशी चालेल?

इटलीतल्या पिसा विद्यापीठाच्या लुइजी रिझो यांनी प्रोसेसरवरच्या या ओझ्याला वेगळ्याच बाजूनं हात घातला. 'नेटमॅप' या त्यांच्या रचनेत कर्नलचा बराचसा सोपस्कार बाजूला ठेवून ही गाडगी थेट प्रोग्रामच्या हाती दिली जातात. २०१२ साली त्यांनी दाखवून दिलं की अवघ्या ९०० मेगाहर्ट्झवर चालणारा प्रोसेसरचा एक कोअर दहा गिगाबिटची तार लहानात लहान पॅकेटांनी काठोकाठ भरू शकतो. म्हणजे अडचण प्रोसेसरच्या ताकदीची नव्हतीच, प्रत्येक पॅकेटमागच्या कागदोपत्री कामाची होती.

एक कोअर पुरत नसेल तर अनेक रहाट लावायचे. आजची कार्डं एकाऐवजी आठ-सोळा माळा ठेवतात आणि प्रत्येक माळ एकेका कोअरला नेमून देतात. कुठलं पॅकेट कुठल्या माळेत जाणार, हे पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता आणि पोर्ट यांच्यावर गणित करून ठरतं. त्यामुळे एका संवादातली सगळी पॅकेटं एकाच माळेत, ओळीनं येतात. मोजमाप करणारे इथेच फसतात. एकच जोडणी करून वेग मोजला तर बाकीचे कोअर झोपलेलेच राहतात. शंभर गिगाबिटचं कार्ड अशा मोजणीत वीस-तीसवर अडकलं म्हणून कार्डाला शिव्या घालणारे मी पाहिले आहेत.

आता त्या अडतीस ओळी. फ्रीबीएसडीत अशा ओळी तीन ठिकाणी राहतात. कर्नल उठण्याआधीच जे ठरावं लागतं, उदाहरणार्थ किती माळा आणि किती गाडगी, ते 'लोडर.कॉन्फ'मध्ये. चालत्या यंत्रात बदलता येतं ते 'सिसकंट्रोल'मधून. कार्डाचा पत्ता आणि पॅकेटचा आकार 'आरसी.कॉन्फ'मध्ये. भिंत बांधताना घालायची विटेत आणि नंतर ठोकायची खुंटीत जेवढा फरक, तेवढाच इथे आहे. आमच्या तरुणानं पाच विटा खुंट्यांच्या फाइलीत टाकल्या होत्या. त्या ओळी कधी लागूच झाल्या नव्हत्या, आणि हे त्याला कळलंही नव्हतं.

बाकीच्यांपैकी सहा ओळी बफर वाढवणाऱ्या होत्या. हा सल्ला सगळ्यात लोकप्रिय आहे, म्हणून थोडं थांबतो. दूरच्या यंत्राला माल पाठवला की पोचपावती येईपर्यंत पाठवलेल्या मालाची प्रत बफरमध्ये जपून ठेवावी लागते. समजा मुंबईहून युरोपात जाऊन यायला १२० मिलिसेकंद लागतात. दहा गिगाबिटची तार तेवढा वेळ भरलेली ठेवायची तर १५० मेगाबाइट माल वाटेतच असणार. फ्रीबीएसडीची मूळ मर्यादा अनेक वर्षं २ मेगाबाइटांची राहिली. तेवढ्यात या अंतरावर एका जोडणीला सेकंदाला १४० मेगाबिटच मिळतात, मग कार्ड दहा गिगाबिटचं असो की शंभरचं. तिथे बफर वाढवल्याशिवाय गत्यंतर नाही. पण आमची दोन यंत्रं एकाच खोलीत होती. जायला-यायला ०.२ मिलिसेकंद धरले तरी तेच २ मेगाबाइट ८४ गिगाबिटला पुरतात. सात समुद्रांपलीकडचं औषध माजघरात घेतलं होतं.

एक ओळ तर उलटी पडली होती. कार्डाला एक सोय असते: एकाच संवादातली लागोपाठची पॅकेटं जोडून मोठा गठ्ठा करायचा आणि तोच कर्नलकडे द्यायचा. तिला एलआरओ म्हणतात. यंत्र राउटर म्हणून काम करत असेल तर ती बंद करायची, कारण राउटरनं दुसऱ्याची पत्रं एकत्र चिकटवायची नसतात. ते बरोबरच आहे. पण आमचं यंत्र फाइल सर्व्हर होतं, पत्रं त्याचीच होती. राउटरवाल्याचा सल्ला इथे उचलल्यामुळे प्रोसेसरवरचं काम विनाकारण वाढलं होतं.

जम्बो फ्रेमचं, म्हणजे १५०० ऐवजी ९००० बाइट भरण्याचं, त्यानं अजून केलं नव्हतं हे नशीब. ती चांगली गोष्ट आहे: पॅकेटांची संख्या सहा पटींनी घटते. पण वाटेतल्या प्रत्येक स्विचला आणि पलीकडच्या यंत्राला ते मान्य असावं लागतं. एकानं जरी नकार दिला तर लक्षणं भुताटकीसारखी दिसतात. पिंग, म्हणजे पलीकडचं यंत्र जागं आहे का हे विचारणारा छोटा निरोप, चालतं, लॉगिन होतं, आणि लांबलचक यादी मागितली की पडदा गोठतो. लहान पॅकेटं पार होतात, मोठी मुकाट्यानं फेकली जातात. तपासायचा उपाय म्हणजे तुकडे करू नका असं बजावून ८९७२ बाइटांचं पिंग पाठवायचं. त्यावर पत्त्यांचे २८ बाइट चढले की बरोबर ९००० होतात. आणखी एक खोच आहे. काही ड्रायव्हर अशा पॅकेटासाठी मेमरीत ९२१६ बाइटांची सलग जागा मागतात. यंत्र महिनोन्महिने चालू असेल तर मेमरी मोकळी असते, पण सलग नसते. लग्नाच्या पंगतीत पाने रिकामी दिसतात, पण तिघांना शेजारी शेजारी जागा मिळत नाही, तसं.

हे सगळं इतक्या बारकाईनं करण्यात अर्थ आहे का? नेटफ्लिक्सच्या चित्रफिती वाटणारी यंत्रं फ्रीबीएसडीवर चालतात. त्यांच्या अभियंत्यांनी २०२१ साली एकाच सर्व्हरमधून सेकंदाला सुमारे ४०० गिगाबिट, तेही सांकेतिक करून, पाठवल्याचं जाहीर केलं. त्यांच्या भाषणात जादूच्या ओळींची यादी शोधणारा निराश होतो. बराच वेळ ते मेमरीवरून माल किती वेळा ये-जा करतो एवढंच मोजत होते.

मोजण्याकडे मीही वळलो. आधी अडतीसच्या अडतीस ओळींसमोर टिप्पणीची खूण घालून यंत्र पुन्हा सुरू केलं. वेग साडेसहाच. मग यंत्र उठताना पडद्यावरून भराभर सरकून जाणारे निरोप 'डीमेसेज' देऊन सावकाश वाचले. 'आयएक्स-झीरो'च्या नावाखाली ड्रायव्हरनं स्पष्ट लिहिलं होतं की या कार्डाला मिळालेली पीसीआय एक्सप्रेसची, म्हणजे कार्ड आणि प्रोसेसर जोडणाऱ्या मार्गाची, रुंदी चांगल्या कामाला पुरेशी नाही. हे तो गेला आठवडाभर, प्रत्येक वेळी यंत्र उठताना, सांगत होता.

कार्ड ज्या खाचेत बसवलं होतं ती दिसायला लांबलचक होती, पण तिच्या आत तारा होत्या चारच मार्गिकांच्या, आणि त्याही पहिल्या पिढीच्या. प्रत्येक मार्गिकेचा वेग अडीच गिगाबिट, त्यातला पाचवा हिस्सा संकेतनात जातो, उरतात दोन. चार दुणे आठ. त्यातून या मार्गिकांवरच्या पॅकेटांचे पत्ते वजा करा, की साडेसहा. म्हणजे आमचं यंत्र अगदी प्रामाणिकपणे सगळं देत होतं. शेजारच्या आठ मार्गिकांच्या दुसऱ्या पिढीतल्या खाचेत डिस्कचं कार्ड ऐसपैस बसलं होतं. त्याला जोडलेल्या फिरत्या डिस्कांना त्या रुंदीचा पाव भागही लागत नव्हता. आम्ही दोघांची जागा बदलली. पाऊण तास लागला, त्यातला अर्धा तास एक पडलेला स्क्रू शोधण्यात.

मग आकडा आला ९.४१.

संस्थेचे हिशेबनीस तेवढ्यात डोकावले. खरेदीची फाइल त्यांच्याकडेच होती. "दहाचे पैसे दिलेत ना आपण? मग उरलेले शून्य पूर्णांक एकोणसाठ कुठे गेले?"

मी कागद ओढला. तारेवर १५३८ बाइट जातात, त्यातले आपल्या कामाचे १४४८. बाकीचे ९० बाइट म्हणजे पत्ते, वेळेचे शिक्के, बेरजा आणि दोन पॅकेटांमधली मोकळी जागा. १४४८ भागिले १५३८, गुणिले दहा. त्यांनी स्वतःच्या कॅल्क्युलेटरवर पुन्हा करून पाहिलं, ९.४१ आलं, आणि कागदाची घडी घालून तो खरेदीच्या फाइलला टाचला.