श्वानाची निगा आणि ‘बंध’ नावाचा अतिचार

मुंबईत १८३२ साली इंग्रज अधिकाऱ्यांनी रस्त्यावरील कुत्री मारण्याचा सपाटा लावला, तेव्हा पारशी बांधवांसह जैन आणि हिंदू नागरिकांनीही त्यास विरोध केला. पुढे १८३४ मध्ये भुलेश्वर परिसरात पांजरापोळ उभी राहिली आणि व्यापाऱ्यांच्या दानावर तिने असंख्य मुक्या जिवांना आश्रय दिला. आज अनेक व्यापारी कुटुंबांत श्वान घरातच लाडाने वाढतो. तरीही ग्रूमिंगच्या दुकानाचे दार दिसताच तो पाय रोवून उभा राहतो आणि थरथरू लागतो. या भीतीचा विचार श्रावकाने अवश्य करावा.

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार शास्त्रात सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. त्यांत बंधाचा उल्लेख प्रथम येतो. भयाने हिसके देणाऱ्या श्वानाच्या गळ्यातील फास काम लवकर उरकावे म्हणून अधिक आवळणे, हे व्रताच्या दृष्टीने निर्दोष कसे म्हणावे?

अमेरिकेतील पशुवैद्य डॉ. सोफिया यिन यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्राण्यांना कमीत कमी ताण देऊन हाताळण्याची पद्धत सविस्तर मांडली. जाणकार ग्रूमर आज असेच काम करतात. कात्री किंवा यंत्र प्रथम नुसते दाखवावे, त्याचा आवाज दुरून ऐकवावा, स्पर्श सोसला की खाऊ द्यावा आणि भीती वाढताच थांबावे. श्वान आपले भय देहाने बोलून दाखवतो. अकारण जांभई, वारंवार ओठ चाटणे, मान फिरवणे, डोळ्यांतील पांढरा भाग दिसणे, शेपूट पोटाखाली घेणे ही त्याची भाषा होय. गुरगुरणे हा त्याचा इशारा असतो. त्याबद्दल शिक्षा केल्यास तो पुढे इशारा न देताच चावू शकतो.

स्नानापूर्वी केसांतील गुंते सोडवावेत, कारण भिजल्यावर ते अधिक घट्ट होतात. पाय घसरू नयेत म्हणून खाली रबरी चटई असावी. पाणी कोमट घ्यावे व पायांपासून हळूहळू वर ओतावे. माणसांचा शाम्पू श्वानाच्या त्वचेला मानवत नाही. नखांच्या आत रक्तवाहिनी व मज्जातंतू असतात; म्हणून नखे थोडी थोडीच कापावीत. जर्मन शेफर्डसारख्या दुहेरी केसांच्या श्वानाचे उन्हाळ्यात मुंडण करू नये. ते केस उन्हापासूनही त्याचे रक्षण करतात. चपट्या नाकाच्या पगला तापलेल्या ड्रायरखाली गुदमरण्याचा धोका असतो.

गोचिडीचा प्रश्न जैन घरात विशेष नाजूक. गोचिडीमुळे श्वानाला रक्ताचे गंभीर आजार होतात, म्हणून उपेक्षा करून चालत नाही. रोजची विंचरणी, कोरडे अंथरूण आणि स्वच्छ अंगण यांमुळे प्रादुर्भावाला वेळीच आळा बसतो व पुढील मोठी हिंसा टळते. यालाच यत्नाचार म्हणतात. तरीही गोचीड आढळल्यास पशुवैद्याचा सल्ला घ्यावा.

ग्रूमर निवडताना दरपत्रकाआधी काही प्रश्न विचारावेत. काम पाहू देता का? श्वान घाबरला तर काय करता? उरलेले काम दुसऱ्या दिवशी करता का? पेढीवर माल पारखून घेणाऱ्या कुटुंबाला ही पारख जड जाऊ नये. पुढच्या खेपेस श्वान त्या दारातून आपणहून आत गेला, तर निवड योग्य ठरली असे समजावे.