धरणाने घडवलेलं शहर : झापोरिझ्झिया



पाचवीला 'पाण्याचे उपयोग' शिकवताना एका मुलाने विचारलं, "सर, धरणामुळे गाव बुडतं ना? मग धरणामुळे शहर वाढतं कसं?" त्याचे आजोबा कोयनेच्या धरणग्रस्तांपैकी, त्यामुळे प्रश्न घरचाच होता. मी त्याला युक्रेनमधल्या झापोरिझ्झिया शहराची गोष्ट सांगितली. ती तुमच्याही वर्गात चालेल.

हे शहर नीपर नदीकाठी आहे. नावाचा अर्थ साधारण 'द्रुतवाहांच्या पलीकडचं'. शहराच्या वरच्या अंगाला नदी खडकांवरून उसळत वाहायची. नाव पुढे नेता येत नसे, नाविक ती काठाने ओढत न्यायचे. 1921 पर्यंत गावाचं नाव अलेक्झांड्रोव्स्क होतं.

आता वीज. पाणी जितकं उंचावरून पडेल तितका त्याचा जोर जास्त. मुलांना प्लास्टिकच्या बाटलीला वर, मध्ये, खाली अशी तीन भोकं पाडून दाखवा. सर्वांत खालची धार सर्वांत जोराने बाहेर पडते, कारण तिच्यावर पाण्याचा दाब जास्त असतो. नीपरवर 1927 मध्ये धरण बांधायला घेतलं ते याच हिशेबाने. सुमारे 60 मीटर उंचीची भिंत, सल्लागार अमेरिकन अभियंता ह्यू कूपर. ऑक्टोबर 1932 मध्ये केंद्राचं उद्घाटन झालं. मागच्या जलाशयात ते सगळे द्रुतवाह बुडाले. म्हणजे ज्यांच्यावरून शहराला नाव पडलं, तेच गेले!

वीज दूर नेताना काही वाया जाते, म्हणून कारखानेच विजेजवळ आले. ॲल्युमिनियम बनवायला तर प्रचंड वीज लागते. पोलादाचा मोठा कारखाना उभा राहिला, कामगारांसाठी नवी वसाहत झाली. 1926 मध्ये पन्नास हजारांच्या आसपास असलेली वस्ती 1939 पर्यंत अडीच लाखांच्या वर गेली. त्या मुलाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे.

उरलेलं अर्धं कडू आहे. 18 ऑगस्ट 1941 रोजी जर्मन सैन्य जवळ आलं, तेव्हा माघार घेणाऱ्या सोव्हिएत फौजेने स्वतःच धरणाला सुरुंग लावला. खालच्या बाजूच्या लोकांना सूचना दिली नव्हती. पाण्याच्या लोंढ्यात सैनिकही गेले, सामान्य माणसंही; आकड्यावर इतिहासकारांचं आजही एकमत नाही. मोठ्या मुलांना हे सांगावं असं माझं मत आहे. लहानांना "युद्धात धरण फुटलं" एवढं पुरे. युद्धानंतर धरण पुन्हा बांधलं, 1947 मध्ये वीज परत सुरू झाली.

एक गोंधळ टाळा. बातम्यांत येणारा झापोरिझ्झियाचा अणुप्रकल्प या शहरात नाही, तो दूर एनेरहोदारला आहे. जून 2023 मध्ये नदीच्या खालच्या अंगाचं काखोव्का धरण फुटलं आणि त्याचा जलाशय रिकामा झाला. शहराजवळच्या खोर्टित्सिया बेटाभोवतीचं पाणी ओसरून खडक उघडे पडले. मार्च 2024 मध्ये खुद्द झापोरिझ्झियाच्या जलविद्युत केंद्रावर क्षेपणास्त्रं पडली.

हे ऐकून तो मुलगा म्हणाला, "आजोबांना सांगतो." दुसऱ्या दिवशी निरोप आला : आजोबा विचारतायत, तिथल्या बुडालेल्या गावांना जमीन मिळाली का?