वीज आणि चित्र एकाच तारेतून : घरगुती सुरक्षा-कॅमेरे व नेटवर्क स्विच

पुणे शहराचे रूप गेल्या काही दशकांत झपाट्याने पालटले आहे. पेठांतील अनेक वाड्यांच्या जागी सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या. कोथरूड, औंध, हडपसर यांसारख्या भागांत गृहनिर्माण संस्थांची वस्ती वाढली. वाड्याच्या दिंडी दरवाजातून कोण आले, कोण गेले, यावर कोणा ना कोणाचे लक्ष असे. आज घरातील सर्व माणसे कामावर गेली, की सदनिकेला दिवसभर कुलूप असते. वाड्यातील ती नजर आता पुष्कळ ठिकाणी सुरक्षा-कॅमेऱ्याकडे आली आहे. १३ फेब्रुवारी २०१० रोजी जर्मन बेकरीत आणि १ ऑगस्ट २०१२ रोजी जंगली महाराज रस्त्यावर झालेल्या स्फोटांनंतर शहरातील चौकाचौकांत शासनातर्फे कॅमेरे बसविण्यात आले. घरोघरी आणि गृहनिर्माण संस्थांतही कॅमेरे दिसू लागले.

तथापि, कॅमेरा खरेदी करताना चौकशी होते ती प्रामुख्याने चित्राच्या स्पष्टतेची. त्याला वीज कोठून मिळणार आणि ती गेल्यावर काय होणार, हा प्रश्न मागे पडतो. वस्तुतः कॅमेऱ्याची विश्वासार्हता या प्रश्नाच्या उत्तरावरच अवलंबून असते.

वीज जाते तेव्हा

पुण्यात देखभाल-दुरुस्तीसाठी गुरुवारी निरनिराळ्या भागांतील वीजपुरवठा काही तास बंद ठेवण्याची जुनी रीत आहे. त्याची पूर्वसूचनाही दिली जाते. शिवाय वळिवाच्या पावसात झाडे वा फांद्या तारांवर पडून पुरवठा खंडित होतो, तो वेगळाच. अनेक घरांत इन्व्हर्टर असतो. पण फाटकावरील किंवा गच्चीवरील कॅमेऱ्याचा अडॅप्टर बहुधा जवळच्या साध्या सॉकेटला जोडलेला असतो. परिणामी घरात दिवे चालू आणि कॅमेरा मात्र बंद, अशी स्थिती उद्भवते. चार कॅमेऱ्यांना चार अडॅप्टर म्हणजे बिघाडाच्या चार जागा. त्यांतील काही उन्हापावसात उघड्यावर असतात.

यावरील उपाय म्हणजे सर्व कॅमेऱ्यांना एकाच सुरक्षित ठिकाणाहून, चित्र वाहून आणणाऱ्या तारेतूनच वीज पुरविणे. या पद्धतीस 'पॉवर ओव्हर इथरनेट' अथवा संक्षेपाने 'पीओई' म्हणतात.

टेलिफोनचे उदाहरण

ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. तांब्याच्या तारेवरील टेलिफोन घरची वीज गेली तरी चालत असे. टेलिफोन केंद्रातील बॅटरीतून सुमारे ४८ व्होल्टचा पुरवठा त्याच तारेने घरापर्यंत येई आणि त्याच तारेवरून संभाषणही होई. तेच तत्त्व येथे वापरले आहे. केंद्राचे काम नेटवर्क स्विच करतो.

येथे स्विच म्हणजे भिंतीवरील दिव्याचे बटण नव्हे. संगणक, कॅमेरे, रेकॉर्डर इत्यादी उपकरणे एकमेकांशी जोडणारी ही छोटी पेटी असते. प्रत्येक स्विच वीज देतोच असे नाही. त्याकरिता 'पीओई' स्विचच घ्यावा लागतो. तसेच कॅमेराही नेटवर्कवर चालणारा हवा. कोअ‍ॅक्सिअल तारेवरील जुने कॅमेरे या स्विचला थेट जोडता येत नाहीत.

नेटवर्कच्या केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. एका जोडीतील दोन्ही तारांवर विजेचा दाब सारखाच ठेवतात. संदेश मात्र त्या दोन तारांमधील फरकाच्या रूपाने जातो. म्हणून वीज आणि चित्र एकाच जोडीतून जाऊनही परस्परांत मिसळत नाहीत.

सुमारे ४८ व्होल्टचा दाब ठेवण्यामागेही कारण आहे. ६ वॅटच्या कॅमेऱ्यास १२ व्होल्टवर अर्धा अँपिअर प्रवाह लागतो, तर ४८ व्होल्टवर केवळ एक अष्टमांश. प्रवाह चतुर्थांश झाला, की तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज सोळाव्या हिश्श्यावर येते. त्यामुळे १०० मीटरपर्यंत कॅमेरा नेता येतो.

प्रमाणित स्विच वीज सोडण्यापूर्वी दुसऱ्या टोकाची परीक्षा घेतो. तेथील उपकरणात सुमारे २५ हजार ओहमचा ओळखीचा रोध आढळला, तरच पुरवठा सुरू होतो. साहजिकच चुकून साधा संगणक जोडला तरी त्याला धोका नसतो. बाजारातील काही स्वस्त साधने अशी परीक्षा न घेता सरळ वीज सोडतात, ती टाळावीत.

विजेचा हिशेब

या पद्धतीचे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाण २००३ साली ठरले. त्यानुसार स्विचच्या एका जोडणीतून १५.४ वॅट निघतात व उपकरणास १२.९५ वॅटची हमी असते. २००९ च्या प्रमाणाने ही मर्यादा ३० वॅटवर, तर २०१८ च्या प्रमाणाने ९० वॅटपर्यंत गेली. घरगुती स्थिर कॅमेऱ्यास पहिले प्रमाण सहसा पुरते.

प्रत्येक जोडणीची मर्यादा वेगळी आणि संपूर्ण स्विचची एकूण क्षमता वेगळी, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. समजा, आठ जोडण्यांच्या स्विचची एकूण क्षमता ६० वॅट आहे. प्रत्येकी ७ वॅटचे आठ कॅमेरे ५६ वॅट घेतील आणि शिल्लक जवळजवळ राहणार नाही. रात्री कॅमेऱ्यातील अवरक्त दिवे लागले, की वापर वाढतो. म्हणून कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकातील कमाल वापर धरूनच बेरीज करावी आणि पाचवा हिस्सा राखून ठेवावा. अन्यथा दिवसा सुरळीत चालणारा कॅमेरा नेमका रात्री बंद पडतो.

आता बॅटरीचा विचार करू. चार कॅमेऱ्यांचे २८ वॅट, रेकॉर्डरचे १५ व स्विचचे स्वतःचे ५, असा एकूण भार ४८ वॅट धरला, तर १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीचा छोटा यूपीएस जेमतेम तासभर पुरेल. घरगुती इन्व्हर्टरच्या १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीवर, दुसरा भार नसल्यास, हीच व्यवस्था दिवसभर चालू राहील. रेकॉर्डरही त्याच पुरवठ्यावर असला पाहिजे. नाहीतर कॅमेरे पाहतील, पण नोंद होणार नाही. नोंदीसाठी इंटरनेट लागत नाही. बाहेरगावाहून मोबाइलवर चित्र पाहायचे असेल, तर मात्र राउटरलाही हाच पुरवठा द्यावा.

घ्यावयाची खबरदारी

केबल शुद्ध तांब्याची घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनिअमची केबल स्वस्त असते. परंतु तिचा रोध अधिक असल्याने दूरच्या कॅमेऱ्यापर्यंत पुरेशी वीज पोचत नाही. उघड्यावरील केबल पाइपातून न्यावी. वळिवाच्या दिवसांत कडाडणाऱ्या विजेमुळे लांब तारेत अचानक दाब निर्माण होऊन स्विच व त्याला जोडलेली सर्व उपकरणे निकामी होऊ शकतात. त्यासाठी योग्य अर्थिंग व सर्ज-संरक्षक बसवावा. दोन इमारतींमध्ये तांब्याऐवजी प्रकाशतंतूची केबल श्रेयस्कर.

कारखान्यातून आलेला पासवर्ड त्वरित बदलावा. तो न बदललेल्या असंख्य कॅमेऱ्यांचा आणि रेकॉर्डरांचा ताबा घेऊन २०१६ साली इंटरनेटवर मोठे हल्ले करण्यात आले होते. कॅमेऱ्याचे तोंड शेजाऱ्याच्या दारा-खिडकीकडे नसावे. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्पष्ट केले आहे. रेकॉर्डरचे घड्याळही अचूक असावे. चित्रण पुरावा म्हणून सादर करताना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागते आणि वेळेतील तफावत तेथे अडचणीची ठरते.

शाळा व ग्रामपंचायतींसाठी

ऑगस्ट २०२४ मधील शासन निर्णयानंतर शाळांतील कॅमेऱ्यांचा प्रश्न शिक्षकांपुढेही आला आहे. ग्रामपंचायत कार्यालये व अंगणवाड्या यांनाही वरील हिशेब तितकाच लागू पडतो. किंबहुना जेथे वीज अधिक वेळा जाते, तेथे तो अधिक आवश्यक आहे. कामाचे देयक मंजूर करण्यापूर्वी एक साधी कसोटी घ्यावी. रात्रीच्या वेळी इमारतीचा मुख्य वीजपुरवठा अर्धा तास बंद ठेवावा आणि नंतर त्या अर्ध्या तासाचे चित्रण प्रत्येक कॅमेऱ्यातून सलग मिळते की नाही, हे तपासावे. सलग मिळाले, तर व्यवस्था विश्वसनीय समजावी. खंड पडला, तर तो दूर होईपर्यंत काम पुरे झाले असे मानू नये.