आधी औषध द्या, मग उपदेश करा!

सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर केसपेपर काढताना तीन प्रश्न हमखास विचारले जातात. नाव काय? पत्ता काय? नवऱ्याचे नाव काय? आपल्या आयाबहिणींना हे प्रश्न साधे वाटतात. पण पुण्याच्या बुधवार पेठेतून, मुंबईच्या कामाठीपुऱ्यातून, सांगलीच्या गोकुळनगरातून किंवा नागपूरच्या गंगा-जमुनातून आलेल्या बाईची जीभ तिथेच अडखळते. पत्ता कळला की खिडकीमागचा आवाज बदलतो. 'अहो'चे 'ए' होते. आत डॉक्टर नाडी पाहण्याआधी धंदा विचारतो आणि अंगाला हात न लावताच चिठ्ठी लिहितो. रांगेतल्या बायका पदर सावरून बाजूला सरकतात.

चळवळीतल्या माणसाला हे दृश्य नवे आहे काय? ओंजळीत वरून पाणी ओतणारे हात आपल्या आजोबांनी पाहिले आहेत. लांबून गोळी टाकणारा हात त्याच व्यवस्थेचा आहे. आणि या वस्त्यांतल्या बायका आल्या तरी कुठून? सगळ्याच देवदासी नाहीत हे खरे. पण सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या मुली कोणत्या समाजातल्या होत्या, हे सांगण्यासाठी कोणा अभ्यासकाची गरज नाही. मुंबई इलाख्यात देवदासींसाठी कायदा झाला १९३४ साली, महाराष्ट्राने देवदासी प्रथा निर्मूलनाचा नवा कायदा केला २००५ साली. मधल्या सत्तर वर्षांत किती पिढ्या या गल्ल्यांत जिरल्या, याचा हिशेब कोण देणार?

सरकारला या बाईची आठवण झाली ती १९८६ मध्ये. त्या वर्षी चेन्नईत देहविक्री करणाऱ्या स्त्रियांच्या रक्तात एचआयव्ही सापडला आणि अचानक या वस्त्यांत गाड्या येऊ लागल्या. निरोध आले, रक्ततपासणी आली, १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत एआरटीची औषधे मोफत मिळू लागली. या कामाने असंख्य जीव वाचले, ते नाकारण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. पण या सगळ्यामागची दृष्टी काय होती? बाईला आजारापासून वाचवायचे, की समाजाला बाईपासून वाचवायचे?

म्हणूनच तिच्या शरीरातला एकच आजार व्यवस्थेला दिसतो. तिला रक्तदाब असतो, साखरेचा आजार असतो, क्षय होतो, दात दुखतो, ती बाळंत होते, रात्र रात्र झोप येत नाही म्हणून दारू जवळ करते. एचआयव्ही असलेल्या स्त्रीला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका इतर स्त्रियांच्या सुमारे सहापट असतो. तो वेळीच शोधण्याची तपासणी साधी आहे. पण एचआयव्हीच्या तपासणीला बोलावताना तिला जितक्यांदा हाक मारली जाते, तितक्यांदा या तपासणीसाठी मारली जाते काय?

सरकारी दवाखान्यात अपमान होतो म्हणून ती गल्लीच्या तोंडावरच्या खासगी डॉक्टरकडे जाते. तो धंदा विचारत नाही, कारण त्याला ठाऊक असतो. सलाईन लावतो, इंजेक्शन टोचतो आणि मागेल तेवढे पैसे घेतो. हे पैसे येतात घरवालीकडून, व्याजाने. ते फेडायला ती ताप असतानाच पुन्हा दारात उभी राहते. अशा वेळी गिऱ्हाईक निरोध नको म्हणाले, तर नाही म्हणण्याची ताकद तिच्यात उरत नाही. त्यातून पुन्हा आजार, पुन्हा कर्ज. बंधूंनो, हे चक्र नीट समजून घ्या. तिला त्या गल्लीत बांधून ठेवणाऱ्या साखळीची एक कडी दवाखान्याच्या बिलाची आहे.

इथे आपल्यातलेच काही जण बाबासाहेबांचे नाव पुढे करतात. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी देवदासी, जोगतिणी आणि कामाठीपुऱ्यातल्या स्त्रियांना हे जिणे सोडा, असे कठोर शब्दांत सांगितले होते. हे सत्य आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. पण त्या सभेची दुसरी बाजू का विसरता? ज्या बायकांकडे पाहणेही सभ्य समाजाला पाप वाटत होते, त्यांच्यासमोर देशातला एक मोठा नेता उभा राहिला आणि माणूस म्हणून त्यांच्याशी बोलला. त्याच बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाची बाजू मांडली. १९३८ मध्ये त्यांच्या वतीने संततिनियमनाचे विधेयक पी. जे. रोहम यांनी विधानसभेत मांडले. स्त्रीचे शरीर आणि तिचे आरोग्य हा राज्याच्या जबाबदारीचा प्रश्न आहे, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. तेव्हा 'आधी धंदा सोड, मग औषध देतो' असे म्हणणाऱ्याने बाबासाहेबांचा आधार घेऊ नये. जिला सोडायचे आहे तिला आधी कर्जातून आणि आजारातून उभे करावे लागेल. आणि जी सोडत नाही किंवा सोडू शकत नाही, तिचाही ताप तापच असतो. उपचार हे चारित्र्याचे बक्षीस नव्हे, तो हक्क आहे.

कायदा आज तिच्या बाजूने आहे. कोलकात्यात १९९९ मध्ये झालेल्या एका देहविक्री करणाऱ्या स्त्रीच्या खुनातून निघालेल्या बुद्धदेव करमास्कर खटल्यात १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला. न्या. एल. नागेश्वर राव, न्या. भूषण गवई आणि न्या. ए. एस. बोपन्ना यांच्या खंडपीठाने सांगितले की कलम २१ मधली प्रतिष्ठा या स्त्रियांनाही आहे. अत्याचार झाला तर तातडीने वैद्यकीय मदत द्या. निरोध सापडला म्हणून तो गुन्ह्याचा पुरावा मानू नका. नॅको किंवा राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर आधार कार्ड द्या आणि त्यावर धंद्याची कोणतीही खूण नको. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमतीशिवाय तपासणी, आजाराची वाच्यता आणि उपचार नाकारणे यांना बंदी घातली आहे. त्यासाठी लोकपालाची तरतूद आहे. तातडीच्या वैद्यकीय प्रकरणात त्याने २४ तासांत निर्णय द्यायचा आहे.

पण कागदावरचा हक्क खिडकीपर्यंत चालत जात नाही, त्याला कोणीतरी न्यावे लागते. सांगलीत १९९६ साली या स्त्रियांनी वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी केली. त्याआधी १९९२ मध्ये कोलकात्याच्या सोनागाचीत डॉ. स्मरजित जाना यांनी सुरू केलेल्या कामात त्याच वस्तीतल्या बायका आरोग्यसेविका झाल्या. ज्यांचा प्रश्न, त्यांचेच नेतृत्व हे सूत्र आपल्याला नवे नाही.

मग आपण काय करायचे? ज्या शहरात अशी वस्ती आहे, तिथल्या कार्यकर्त्यांनी महिन्यातून एक दिवस सरकारी दवाखान्याच्या खिडकीशी उभे राहावे. रेशनकार्ड, आधार, जातीचा दाखला यांचे अर्ज भरून द्यावेत, कारण कागदाअभावी महात्मा फुले यांच्या नावाची जनआरोग्य योजनाही तिच्यापर्यंत पोहोचत नाही. रात्र जागून काढणाऱ्या बाईसाठी ओपीडी दुपारनंतरही उघडी ठेवा, अशी मागणी महापालिकेकडे लावून धरावी. उपचार नाकारले गेले तर लेखी तक्रार करावी, वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या रुग्णालयात त्यासाठी तक्रार अधिकारी असणे कायद्याने बंधनकारक आहे.

चवदार तळ्यावर आपण पाण्यासाठी गेलो नव्हतो, माणूस म्हणून गेलो होतो. त्या खिडकीसमोर उभी असलेली बाईही केवळ गोळीसाठी आलेली नाही. तिला रांगेत एकटी सोडणार काय?