जुनी दमदार गाडी, बँकेचा हप्ता आणि नाक्यावरचे गैरसमज

रांजणगावात बनलेली फियाटची अबार्थ पुंटो, चाकणची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, स्कोडाची ऑक्टाव्हिया व्हीआरएस. वसईच्या माणिकपूर-अंबाडी रोड परिसरातल्या नव्या कमावत्या पोरांना यातल्या एखाद्या गाडीचं वेड लागलं, तर नवल नाही. 2015 साली आलेल्या अबार्थची ताकद 145 अश्वशक्ती होती आणि शोरूमची किंमत दहा लाखांच्या आत. आज ती सेकंड हँड बाजारात शोधावी लागते आणि तिथेच कर्जाचा प्रश्न येतो. त्याबद्दल नाक्यावर आणि एजंटच्या टेबलावर जे ऐकायला मिळतं, त्यातलं बरंचसं चूक आहे.

पहिला समज असा: गाडी दुर्मिळ आहे, शौकीन लोक तिला जास्त पैसे मोजतात, म्हणजे बँकही त्याच किमतीवर कर्ज देईल. बँकेच्या लेखी ती फक्त एक जुनी गाडी असते. मूल्यांकन करणारा माणूस मॉडेल, साल, किलोमीटर आणि किती हात बदलले ते बघतो. समजा, विकणारा सात लाख मागतोय, मूल्यांकन पाच लाखांचं आलं आणि बँक त्याच्या 80 टक्के देते. कर्ज झालं चार लाख. उरलेले तीन लाख तुमच्या खिशातून. विकणाऱ्याने इंजिनाचा रीमॅप करून घेतला असेल, मोठा आवाज करणारा एक्झॉस्ट लावला असेल, तर त्याचे पैसे तो तुमच्याकडून घेईल, बँक त्यासाठी दमडी देणार नाही. उलट असे बदल नडू शकतात. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत फेरफार केलेल्या गाडीची नोंदणी करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा अर्थ लावताना सांगितलं आहे. अपघातानंतर विमा कंपनीही नेमकं हेच शोधते.

याच्या उलटं टोक म्हणजे ‘आठ-दहा वर्षं जुन्या गाडीला कर्जच मिळत नाही.’ तेही सरसकट खरं नाही. गाडीचं आजचं वय आणि कर्जाची मुदत यांची बेरीज साधारण दहा वर्षांच्या आसपास राहावी, असा अनेक वित्तसंस्थांचा आग्रह असतो. मर्यादा प्रत्येकाची वेगळी. त्यामुळे सात वर्षांच्या गाडीला तीन वर्षांची मुदत मिळू शकते, नऊ वर्षांच्या गाडीला एखादीकडून नकारही येऊ शकतो. तेव्हा वैयक्तिक कर्ज, सोनेतारण किंवा मुदत ठेवीवरचं कर्ज हे रस्ते उरतात. वसईत सहकारी बँकांची परंपरा जुनी आहे. पापडीची बॅसिन कॅथॉलिक बँक 1918 सालची. घरात आई-वडिलांची ठेव असेल, तर तिच्यावरचं कर्ज जुन्या गाडीच्या कर्जापेक्षा बहुधा स्वस्त पडतं आणि आरसीवर बोजाही चढत नाही. मात्र गाडीच्या हौसेपायी आईचे दागिने तारण ठेवणं मला पटत नाही.

आता व्याजदर. सगळ्यात जास्त माणसं इथे फसतात. एजंट म्हणतो, ‘फक्त दहा टक्के!’ दहा टक्के फ्लॅट की घटत्या शिलकीवर, हे तो सांगत नाही. पाच लाख रुपये, चार वर्षं, दहा टक्के फ्लॅट धरा. दरवर्षी पूर्ण पाच लाखांवर व्याज लागतं, म्हणजे एकूण दोन लाख. हप्ता 14,583 रुपये. तेच कर्ज घटत्या शिलकीवर दहा टक्क्यांनी असतं, तर हप्ता सुमारे 12,680 आणि एकूण व्याज सुमारे 1 लाख 9 हजार. फरक 91 हजारांचा, म्हणजे अशा गाडीचे चारही टायर आणि एक मोठी सर्व्हिस. त्या ‘दहा टक्के फ्लॅट’चा खरा दर साडेसतरा टक्क्यांच्या घरात जातो. 1 ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेने बँका आणि वित्तसंस्थांना नव्या किरकोळ कर्जांसाठी मुख्य तथ्यपत्रक देणं बंधनकारक केलं आहे. त्यात शुल्कांसह वार्षिक दर एका आकड्यात छापलेला असतो. ते पत्रक मागा. एजंट टाळाटाळ करू लागला, तर दुसरीकडे जा.

जुन्या गाडीच्या पूर्ण किमतीवर जीएसटी पडेल, ही धास्तीही निराधार आहे. जानेवारी 2025 पासून जुन्या गाड्यांवर 18 टक्के जीएसटी आहे, पण तो नोंदणीकृत विक्रेत्याच्या नफ्यावर, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही. एका व्यक्तीने आपली गाडी दुसऱ्याला विकली, तर हा कर लागत नाही.

‘पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात’ हा नियम महाराष्ट्रात नाही. वयाची दहा आणि पंधरा वर्षांची अट दिल्ली परिसराची. इथे तपासणी, फेरनोंदणी आणि पर्यावरण कर भरून खासगी गाडी पुढे वापरता येते. म्हणूनच दिल्लीच्या गाड्या इकडे स्वस्तात येतात. पण तिथलं ना-हरकत प्रमाणपत्र आणि एमएच-48 क्रमांकासाठी इथला रस्ता कर हिशेबात धरला, की ती स्वस्ताई बरीच आटते.

विम्याबद्दल एक गंमत आहे. वेगवान गाडीचा थर्ड पार्टी हप्ता जबर असतो, असं सगळे धरून चालतात. तो इंजिनाच्या सीसीवर ठरतो, अश्वशक्तीवर नाही. 1368 सीसीची अबार्थ 2022 च्या दरपत्रकात 3,416 रुपयांच्या गटात बसते, साध्या सेडानच्याच रांगेत. ऑक्टाव्हिया मात्र 1500 सीसीच्या वर, म्हणजे 7,897. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, आणि पॉलिसी नावावर करण्यासाठी 14 दिवसांत अर्ज करायचा असतो.

‘हप्ता जमला नाही, तर गाडी बँकेला देऊन मोकळा होईन’ असं म्हणणाऱ्याने करारनामा वाचलेला नसतो. जप्त गाडी लिलावात जे काही आणेल ते वजा होतं आणि उरलेली रक्कम तुमच्याच नावावर राहते. जुन्या वेगवान गाडीला घाईच्या लिलावात चांगलं गिऱ्हाईक मिळणं कठीणच.

कर्ज मंजूर झालं म्हणजे गाडी ठीक आहे, असंही नाही. जुलै 2018 मध्ये वसई-विरार काही दिवस पाण्यात होतं. त्या पाण्यात बुडालेली गाडी आज चकाचक पॉलिश होऊन उभी असू शकते, म्हणून जुन्या दाव्यांचा तपशील मालकाकडून आणि विमा कंपनीकडून मागा. टोकन देण्याआधी परिवहन विभागाच्या वाहन पोर्टलवर बोजा आणि थकलेली चलनं बघा. बोजा असेल, तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. एप्रिल 2019 आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट आहे का, तेही पाहून घ्या. आणि विकणारे तुम्ही असाल, तर मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 ची कामं खरेदीदारावर सोडू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानुसार अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आरसीवर ज्याचं नाव आहे त्याचीच असते, गाडी कधीच विकलेली असली तरी.