बंगळुरूला जायचंय? मग उत्तरेकडे निघा

घरात पृथ्वीचा गोल असेल तर एक दोरा घ्या. एक टोक बंगळुरूवर धरा, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा ताणा. नकाशा पाहून वाटतं, प्रशांत महासागर आडवा ओलांडला की झालं. दोरा मात्र सरकत सरकत वर जातो. तिबेट, मंगोलिया, सायबेरिया असं करत पार उत्तरेच्या बर्फाळ समुद्रावर पोचतो आणि अलास्कावरून खाली उतरतो. एवढं वर चढूनही तोच जवळचा रस्ता: 13,993 किलोमीटर. नकाशावरच्या सरळ रेघेनं गेलात, तर 16,000च्या वर होतात!

विमान तरी या दोऱ्यावरून जातं का? तेही नाही. केबिनमधला हवेचा दाब गेला, तर वैमानिकाला झटकन दहा हजार फुटांपर्यंत, म्हणजे तीन किलोमीटरवर उतरावं लागतं. तिबेटची जमीनच चार किलोमीटरच्या वर, उतरणार कुठे? शिवाय उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा प्रचंड झोत वाहतो, कधी ताशी दोनशे किलोमीटरहून जास्त वेगानं. अमेरिकेला जाताना तो पाठीशी असतो, परतताना छातीवर. म्हणून अंतर तेच असलं, तरी जायला लागणारा वेळ आणि यायला लागणारा वेळ वेगळा. रस्ता रोज, त्या दिवसाचा वारा बघून ठरतो.

दोऱ्यापेक्षा असाच वेगळा रस्ता धरून 9 जानेवारी 2021 रोजी कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या सहकारी महिला वैमानिकांनी एअर इंडियाचं बोइंग 777 सॅन फ्रान्सिस्कोहून उचललं आणि उत्तर ध्रुवावरून बंगळुरूला आणलं. मला यातली सगळ्यात थक्क करणारी गोष्ट वाटते ती इंधनाची. ध्रुवाकडच्या आकाशात तापमान उणे साठच्याही खाली जाऊ शकतं आणि अमेरिकेत भरलं जाणारं विमानाचं इंधन उणे चाळीसच्या आसपास गोठू लागतं. टाक्या असतात पंखांत, म्हणजे त्या थंडीच्या अगदी तोंडाशी. तरी ते पातळ राहतं, कारण एवढ्या वेगानं अंगावर येणारी हवा दाबली जाऊन पंचवीस-तीस अंशांनी तापते. विमानाला त्याचा वेगच ऊब देतो! टाकीच्या तापमानाचा काटा फारच खाली येऊ लागला, की वैमानिक वेग वाढवतात किंवा उबदार थरात उतरतात.

विमान निघालं शनिवारी रात्री साडेआठच्या सुमारास. बंगळुरूत तेव्हा रविवारचे सकाळचे दहा वाजले होते. सतरा तासांनी, सोमवारी पहाटे तीननंतर, चाकं धावपट्टीला टेकली आणि सॅन फ्रान्सिस्कोत रविवारची दुपार अजून उलटायची होती.