ड्रेस बसत नाही, यात पोरीचा काय दोष?

ईदच्या आधीचे शेवटचे दोन आठवडे म्हणजे दादर पूर्वेच्या हिंदमातापासून परळ-लालबागपर्यंत कपड्यांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. गेल्या रमजानमध्ये अशाच एका दुकानात आम्ही घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या पोरीसाठी ड्रेस बघत होतो. तिनं एका ड्रेसला हात लावला. सेल्समननं तिला वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "इनके साइज में नहीं आएगा. आंटी लोगों का दिखाऊँ?"

पोरगी काही बोलली नाही. त्या दिवशी इफ्तारीला तिनं खजूर आणि पाण्यावर भागवलं. अम्मीनं विचारलं तर म्हणे, भूक नाही. चार दिवसांनी आमच्या लक्षात आलं की ती सहरीलाही नीट खात नाहीये.

अशी पोर तुमच्याही घरात असेल. म्हणून हे 'साइज' नावाचं प्रकरण येतं कुठून, ते जरा समजून घेऊ.

एस, एम, एल ही मापं आपल्याकडे कुणी आपल्या मुलींना मोजून ठरवलेली नाहीत. इथल्या बऱ्याच ब्रँडचे तक्ते अमेरिका-इंग्लंडच्या तक्त्यांवर थोडीफार दुरुस्ती करून बनलेले आहेत. आणि अमेरिकेतला तक्ता तरी कसा बनला? १९३९-४० मध्ये तिथल्या सरकारनं सुमारे १५ हजार स्त्रियांची मापं घेतली, पण हिशेबात धरली ती फक्त गोऱ्या स्त्रियांची. त्या आकड्यांच्या आधारावर १९५८ मध्ये प्रमाण मापं जाहीर झाली. ती तिथल्या बायकांनाही धड बसेनात, म्हणून १९८३ मध्ये मागे घेतली गेली. तेव्हापासून तिथला प्रत्येक ब्रँड स्वतःच्या मनानं साइज ठरवतो. आपल्याकडेही तेच. म्हणून एका दुकानात 'एम' घालणारी मुलगी शेजारच्या दुकानात 'एक्सएल' होते. दहा पावलांत तिचं वजन काही वाढलेलं नसतं!

भारताचा स्वतःचा तक्ता असावा म्हणून वस्त्रोद्योग मंत्रालय आणि निफ्ट या संस्थेनं 'इंडिया साइज' सर्वेक्षण हाती घेतलं. २०१८ मध्ये ते जाहीर झालं. १५ ते ६५ वयाच्या २५ हजार स्त्री-पुरुषांची मापं थ्रीडी स्कॅनरनं घ्यायची, मुंबईसह सहा शहरांत, अशी ती योजना. म्हणजे आपलं अंग कसं आहे हे मोजायला देशाला स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षं लागली.

दुसरी गोष्ट धंद्याची. कारखान्यात आधी एका मधल्या मापाचा नमुना बनतो आणि तोच ठराविक इंचांनी वाढवत मोठे साइज काढतात. पण माणूस असा सगळीकडून सारखा वाढत नाही. कुणाची छाती भरलेली तर कंबर बारीक, कुणाचा दंड जाड. त्यामुळे कुर्ती कमरेत ढगळ होते आणि मुंढ्यात काचते. त्यात होलसेलवाला माल सेटमध्ये देतो, बहुतेक वेळा एम, एल, एक्सएल, डबल एक्सएल असे चार नग. त्यापुढचे साइज ठेवायचे तर कापड जास्त लागतं आणि माल पडून राहील ही भीती. दुकानदार ते ठेवतच नाही, आणि 'नाही' म्हणायचं खापर मात्र पोरीच्या अंगावर फुटतं.

अबायाचंही तसंच. तो उंचीवर विकला जातो, ५२, ५४, ५६, ५८ इंच. उंची कमी आणि अंग भरलेलं असेल तर रुंदीसाठी मोठ्या नंबरचा घ्यायचा आणि खालून, बाह्यांतून कापायचा. 'फ्री साइज' म्हणतात, पण ती फ्री कुणासाठी हे घालणारीलाच ठाऊक!

गंमत बघा, हा सगळा गिरणगाव. लोअर परळच्या ज्या फिनिक्स मिलमध्ये एकेकाळी कापड तयार व्हायचं, त्या जागेवर आज मॉल आहे. मदनपुऱ्यातल्या मोमीन घराण्यांतले कित्येक जण गिरण्यांच्या साच्यांवर राबले. तेव्हा कापड घ्यायचं आणि गल्लीतल्या मास्टरकडे टाकायचं. त्याच्या वहीत छाती, कंबर, सीट, मुंढा, दंडघेर असे आकडे असत. वाढलेलं माप तो गुपचूप खोडून नवं लिहायचा. आपण 'एल' की 'एक्सएल' हे आमच्या खाला-फुफींना कधी माहीतच नव्हतं.

हिंदमाताला ड्रेस मटेरियल आजही मिळतं. शिलाईचे पैसे जास्त जातात, हे खरं. रेडिमेडच घ्यायचा असेल तर आधी उलटा करून बाजूची शिवण बघा. आत इंचभर कापड सोडलेलं असेल तर मास्टर उसवून सैल करून देतो. नुसतं ओव्हरलॉक मारलेलं असेल तर काही होत नाही. आणि लेबल खुपत असेल तर कापून टाका.

घरातलं बोलणं मात्र आपल्याच हातात आहे. "रोजे ठेवूनही बारीक झाली नाहीस?" हे वाक्य आमच्याकडेही दस्तरख्वानवर हसत हसत बोललं गेलंय. पोरगी जेवण टाळत असेल, खाऊन उलट्या काढत असेल, लग्नाकार्याला यायचं नाही म्हणत असेल, तर ते नखरे समजू नका. परळच्या केईएम रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. सरकारची टेलिमानस ही फोनसेवा १४४१६ वर आहे, मोफत आणि मराठीतही.

आमच्या पोरीचा ड्रेस शेवटी मास्टरनं शिवला. चाँदरातीला रात्री अकरा वाजता मिळाला, बाही अर्धा इंच लांब होती. तिनं ती दुमडून घातली.